घराणे एक, निष्ठा दोन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्याकडे सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न येतो, 'खानदान कोणते?' आजा-पणजाचे नाव ठाऊक असावे, यात वाद नाही. परंतु खानदानाच्या नावावरून माणूस कळतो काय? या प्रश्नासाठी अमेरिकेतील एका घराण्याची हकिकत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

केंटकी हे अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांच्या सीमेवरचे राज्य. तेथे नव्याने वस्ती होत असताना, 1793 मध्ये, व्हर्जिनियाचे वकील जॉन ब्रेकिनरिज सहकुटुंब येऊन लेक्सिंग्टनजवळ स्थायिक झाले. पुढे ते देशाचे ॲटर्नी जनरल झाले आणि 1806 मध्ये वारले. या मूळ पुरुषापासून निघालेल्या दोन फांद्यांकडे आपण पाहू.

एक फांदी त्यांचे पुत्र रॉबर्ट यांची. हे धर्मोपदेशक होते. 1847 ते 1853 या काळात केंटकीच्या शिक्षणखात्याची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि तेथील सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दुसरी फांदी त्यांच्या थोरल्या भावाची. त्या भावाचे चिरंजीव जॉन कॅबेल ब्रेकिनरिज 1857 मध्ये, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, देशाचे उपाध्यक्ष झाले. 1860 मध्ये ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्या निवडणुकीत लिंकन विजयी झाले.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघाली. केंटकीने काही महिने तटस्थ राहून पाहिले, पण ते निभले नाही. पुतण्या दक्षिणेला जाऊन मिळाला, सेनापती झाला आणि शेवटी तिकडचा युद्धमंत्री. काका रॉबर्ट मात्र संघराज्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. लिंकन यांना पुन्हा उमेदवारी देणारे अधिवेशन 1864 च्या जूनमध्ये बाल्टिमोरला भरले, तेव्हा त्याचे हंगामी अध्यक्षपद रॉबर्ट यांनीच भूषविले.

आता त्यांच्या घरात डोकावून पाहा. चार मुलगे लढाईत होते. जोसेफ आणि चार्ल्स बापाच्या बाजूने. रॉबर्ट आणि विल्यम समोरच्या सैन्यात. जोसेफ तर 1864 मध्ये अटलांटाच्या लढाईत दक्षिणेच्या हाती कैद झाला. एका ताटात जेवलेली, एकाच बापाचे उपदेश ऐकून वाढलेली ही मुले! त्या काळात या बापाला कोणत्या सैन्याच्या विजयाची बातमी ऐकून झोप लागली असेल?

परंतु मित्रांनो, 'दोन्हीकडे शूर लोक होते' एवढे म्हणून आपल्याला थांबता येणार नाही. निष्ठा कशावर, हे विचारलेच पाहिजे. या घराण्याची समृद्धी गुलामांच्या कष्टांवर उभी होती. गुलामगिरी हळूहळू बंद व्हावी म्हणून 1849 मध्ये निवडणूक लढवून हरलेल्या रॉबर्ट यांच्या पदरीही गुलाम होते. अशा घराण्यांच्या वंशावळीत त्या राबणाऱ्यांना जागा नसते. त्याच केंटकीतील 23 हजारांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुष संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. त्यांपैकी हजारोंची भरती कॅम्प नेल्सन या छावणीत झाली. तेथे आश्रयाला आलेल्या सुमारे 400 बायकामुलांना 1864 च्या नोव्हेंबरात कडाक्याच्या थंडीत छावणीबाहेर काढण्यात आले आणि त्यांतील शंभरावर दगावली. त्यानंतर, 1865 च्या मार्चमध्ये, सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा झाला. या लोकांची निष्ठा दुभंगलेली नव्हती. आपण कशासाठी लढतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

युद्ध संपले. परदेशी पळालेला पुतण्या माफी जाहीर झाल्यावर 1869 मध्ये परतला. आणि दक्षिणेकडून लढलेल्या विल्यम यांची मुलगी? 1866 मध्ये जन्मलेल्या सोफोनिस्बाला वडिलांनी शिकविले. केंटकीत वकिलीची सनद मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. 1901 मध्ये तिने शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि पुढचे सारे आयुष्य समाजकार्याच्या शिक्षणाला वाहिले. आजोबांनी शाळा उभ्या केल्या, बाप चुकीच्या बाजूने लढला आणि नातीने पुन्हा विद्येची वाट धरली.

पालकहो, आपण मुलाला नाव देऊ शकतो, संस्कार देऊ शकतो; पण त्याची निवड आपल्याला करता येत नाही. म्हणून त्याला हुकूम पाळण्याबरोबरच न्याय-अन्याय पारखायलाही शिकवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी जाऊन आपली वंशावळ जरूर लिहून काढा. आजोबांना विचारा, आजीलाही विचारा. बायकांची नावे गाळू नका आणि आपल्या घरासाठी राबलेल्या माणसांनाही विसरू नका. मग त्या कागदाच्या तळाशी स्वतःचे नाव लिहा. त्या नावापुढे काय लिहिले जाईल, ते मात्र पणजोबा नव्हे, तुम्हीच ठरविणार आहात.