आवळ्याला चॉकलेट, घामाला दाम

(जिल्हा मेळाव्याच्या महिला सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी बोलावलेल्या बैठकीत चॉकलेटचा विषय कशाला, असे मागे बसलेले दोन-तीन दादा कुजबुजत आहेत. माझ्यासमोर ही परात आहे. हिच्यात वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी आहेत आणि ज्वारीच्या लाह्यांचे लाडूएवढे गोळे आहेत. दोन्हींवर चॉकलेटचा थर दिला आहे. आधी परात फिरू द्या, तोंड गोड करा, मग ऐका. मी पाककृती सांगणार आहेच, पण त्याहून जास्त हिशेब सांगणार आहे.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. यातील माजघरशेतीचा अर्थ सरळ आहे. शेतातला माल जसाच्या तसा बाजारात ओतायचा नाही. घरातच त्याला वाळवायचे, निवडायचे, भाजायचे, बांधायचे आणि मग विकायचे. आज मी बोलते आहे ते या माजघराबद्दल.

आधी आवळा

बांधावर आवळ्याची दोन-चार झाडे असली की हिवाळ्यात फळ एकदम येते आणि भाव पडतो. अशा वेळी चांगला टणक, डाग नसलेला एक किलो आवळा घ्या. धुऊन उकळत्या पाण्यात सहा-आठ मिनिटे ठेवा. फोडी सुटायला लागल्या की उपसा आणि बिया काढा. भांडे स्टीलचे घ्या. लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो. फोडींवर सातशे-आठशे ग्रॅम साखर पसरून झाकून ठेवा, दिवसातून दोनदा हलवा. तीन दिवसांत साखरेचा पाक होतो आणि तो फोडींत मुरतो. मग चाळणीवर निथळा आणि मलमलच्या फडक्याखाली दोन-तीन दिवस वाळवा. फोड बोटाला चिकटली नाही, पण दाबली तर आत मऊ लागली, की झाले. उरलेला पाक फेकू नका, त्याचे सरबत होते.

पाक करायला वेळ नसेल तर ज्वारीच्या लाह्या आहेतच. नागपंचमीला करतो तशा फोडा, चाळून गोंडर काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

मग चॉकलेट

बाजारात दोन तऱ्हेचा माल मिळतो. अस्सल चॉकलेटमध्ये कोकोचेच तूप असते, त्याला कोको बटर म्हणतात. ते वितळवणे नाजूक काम आहे. ४५ ते ५० अंशांना वितळवायचे, २७-२८ अंशांपर्यंत खाली आणायचे, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत चढवायचे. हे चुकले तर दुसऱ्या दिवशी वर पांढुरके डाग पडतात. दुसरा माल म्हणजे कंपाउंड स्लॅब. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. तो नुसता वितळवला आणि थंड केला की बसतो. घरच्या चुलीवर आणि पहिल्या प्रयत्नाला तोच बरा. मात्र विकताना पुडीवर कंपाउंड असे स्पष्ट लिहा, त्याला नुसते चॉकलेट म्हणू नका. तसे म्हणायला कायद्याने मनाई आहे. आणि मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याला आपण नावे ठेवतो, तेव्हा आपले लेबल आधी सरळ पाहिजे.

पाव किलो फोडींना साधारण पाव किलो स्लॅब लागतो. स्लॅब सुरीने बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटे पाणी गरम करा, त्यावर दुसरे कोरडे पातेले असे बसवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. आच मंद. अर्धा स्लॅब वितळला की खाली उतरवा आणि हलवत राहा. उरलेला आपल्याच उबेने विरघळतो.

इथे एक गोष्ट गाठीला बांधा. पाण्याचा थेंब पडता कामा नये. माझा पहिला घाणा ओल्या पळीने वाया गेला. सगळे मिश्रण घट्ट होऊन पिठल्यासारखे गोळा झाले, आणि किती ढवळले तरी परत पातळ झाले नाही. म्हणून पळी कोरडी, हात कोरडे, फळही कोरडे. ओलसर फोडीवरचा थर नीट बसत नाही आणि आत बुरशी धरते.

काट्याने एकेक फोड बुडवा, कडेला ठोकून जास्तीचे गाळा आणि ताटात बटर पेपरवर ठेवा. लाह्या असतील तर चॉकलेटमध्ये घोळून चमच्याने गोळे टाका. आपल्याकडच्या थंडीत अर्ध्या-पाऊण तासात बसते, फ्रीजची गरज नाही. फ्रीजमधून काढल्यावर उलट वर पाणी सुटते. घट्ट झाकणाच्या डब्यात, लसूण-मसाल्यापासून लांब ठेवा, कारण चॉकलेट वास पटकन धरते.

आणि हा धंदा हिवाळ्याचा. चॉकलेट ३५ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि आपला वैशाख त्याच्या किती पुढे जातो ते मी सांगायला नको. मी एकदा चैत्रात डबा घेऊन एस.टी.ने गेले. उतरले तेव्हा डब्यात लापशी होती.

कोको पिकवणाराही शेतकरीच

आवळा आपला, ज्वारी आपली, पण चॉकलेट विकतचे. कोकोला सावली आणि दमट हवा लागते, आपल्या कोरडवाहू रानात तो येणार नाही. पण तो पिकवणाऱ्याची कथा आपल्या ओळखीची आहे.

आजच्या घाना देशात १९४७ पासून सरकारी कोको मंडळ आहे. भाव सरकार जाहीर करते आणि परदेशात विकण्याचा मक्ता मंडळाचा. २०२४ साली जगाच्या बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. तिथल्या शेतकऱ्याला त्या हंगामात वाढवून दिलेला भाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नव्हता. लोक चोरून सीमेपलीकडे माल नेऊ लागले. भावांनो, १९७२ साली आपल्या राज्यात सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आठवते ना? शेजारच्या राज्यात भाव जास्त, आणि आपला कापूस तिकडे नेला तर आपण गुन्हेगार!

दुसरी कथा जवळची आहे. कर्नाटक आणि केरळच्या सुपारी उत्पादकांनी १९७३ साली कॅम्पको ही सहकारी संस्था काढली. सुपारीच्या बागांत त्यांनी कोकोही लावला होता. १९८० च्या सुमारास कोकोचा भाव कोसळला. तेव्हा ही संस्था कोकोच्या खरेदीत उतरली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. कच्चा माल विकणारे पक्का माल विकू लागले.

आता हिशेब

आपल्याला कारखाना काढायचा नाही, पण हिशेब तोच आहे. आणि आपण बायका नेमक्या तिथेच चुकतो.

समजा एका घाण्याला आवळा, साखर, स्लॅब, सरपण आणि पुड्या मिळून ३०० रुपये लागले. आवळा घरचा असला तरी बाजारभावाने धरायचा. माल ४५० रुपयांना गेला. घरात आनंदीआनंद: दीडशे रुपये सुटले! पण बिया कोणी काढल्या? फोडी कोणी वाळवल्या, रात्री जागून कोणी बुडवल्या? ते तास मोजा आणि गावात वेचणीला जो दर चालू आहे तो लावा. समजा ते २५० रुपये झाले. म्हणजे खर्च ५५० आणि हाती ४५०. दीडशेचा नफा नव्हे, शंभराचा तोटा.

कापसाचा उत्पादनखर्च काढताना सरकार आपल्या घरच्यांची मजुरी कमी धरते म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. मग आपल्याच माजघरात बाईची मजुरी शून्य कशी? मजुरी धरून तोटा येत असेल तर भाव वाढवा. भाव मिळत नसेल तर तो घाणा बंद करा, आवळा नुसता वाळवून विका, पण फुकट राबू नका. सरकार लुटते ते निदान दिसते. घरातली लूट मायेच्या नावाखाली होते, म्हणून दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगून थांबते. पहिला घाणा पाव किलोचाच करा, घरी आणि शेजारी खाऊ घाला. विकायचे ठरले तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करा आणि पुडीवर तारीख घाला. आणि एक वही करा. तिच्यात आवळ्याचा, साखरेचा रकाना असेल, तसा घामाचाही रकाना असेल. ती वही आणि तिच्यातून उरलेले पैसे, दोन्ही जिचे हात राबले तिच्याकडे राहतील.

दादांनो, परात रिकामी झालेली दिसते. गोड लागले ना? मग घरी गेल्यावर त्या वहीतला घामाचा रकाना पहिल्यांदा तुमच्या हाताने आखून द्या.

भीक नको, हवे घामाचे दाम. शेतात तसे माजघरातही.