जेजू बेटाची बोली



कोरियाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात साधारण ८०-९० किलोमीटरवर जेजू नावाचे बेट आहे. आकाराने आपल्या गोव्याच्या निम्मे म्हणा. मधोमध हाल्ला नावाचा ज्वालामुखीचा डोंगर, शेतांना काळ्या दगडांचे गडगे, आणि किनाऱ्यावर श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बुडी मारणाऱ्या, शंख-शिंपले काढणाऱ्या बायका. बेट दक्षिण कोरियाचे. तेव्हा तिथली माणसे कोरियनच बोलत असणार, असे आपण धरून चालतो. कोरियातही जेजूच्या भाषेला कोरियनची एक बोली म्हणण्याचाच प्रघात आहे.

पण विल्यम ओग्रेडी, यांग छांग-योंग वगैरे भाषाशास्त्रज्ञांनी काय केले बघा. जेजू भाषेतले बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यांनी ते सोल, बुसान अशा शहरांतल्या लोकांना ऐकवले आणि त्यावर प्रश्न विचारले. त्या मंडळींना सरासरी बारा टक्केही समजले नाही! आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. पण बदललेली भाषा आपल्याला कळते तरी.

मग ही भाषा अगदीच परकी का? तसेही नाही. कोरियनमध्ये आईला 'ओमोनी' म्हणतात, जेजूत 'ओमोंग'. वडिलांना तिकडे 'आबोजी', इकडे 'आबांग'. नाते उघडच दिसते. खरी फारकत क्रियापदाच्या शेपटीत आहे. 'कुठे निघालात?' हे कोरियन माणूस 'ओदी गासेयो' असे विचारील, आणि जेजूचा म्हातारा 'ओदी गामसुग्वा'. आणि काही शब्द तर चक्क फसवतात. कोरियनमध्ये 'गामजा' म्हणजे बटाटा. जेजूत 'गामजो' म्हणजे रताळे. बटाट्याला तिथे 'जिसुल' हा निराळाच शब्द आहे. म्हणजे बाजारात पंचाईत.

आता या दोघींतली थोरली कोण, धाकटी कोण? राजा सेजोंगने १४४३ साली कोरियनसाठी हांगुल ही लिपी सिद्ध केली, तेव्हा तीत एका स्वरासाठी नुसता एक ठिपका होता. मुख्य भूमीवर तो उच्चार हळूहळू लोपला, आणि १९३३ सालच्या लेखननियमांनी तो ठिपकाही काढून टाकला. जेजूच्या जुन्या पिढीच्या तोंडी मात्र तो स्वर, साधारण आपल्या 'डॉक्टर'मधल्या 'ऑ'सारखा, अजून आहे. प्रमाण कोरियनमध्ये घोडा म्हणजे 'माल' आणि बोलणे म्हणजेही 'माल'. जेजूत बोलणे 'माल', पण घोडा 'मॉल'. थोरल्या घरात मोडीत काढलेले भांडे दुसऱ्या घरात रोजच्या वापरात असावे, तसे हे. मग या भाषेला बिघडलेली कोरियन कशी म्हणायची?

घोड्यावरून आठवले. कोरियात एक म्हण आहे: घोडा जन्मला तर जेजूला धाडा, माणूस जन्मला तर सोलला. तेराव्या शतकात मंगोलांनी या बेटावर घोड्यांची कुरणे केली, तेव्हापासूनची ही कीर्ती. घोड्यांच्या रंगांची काही मंगोल नावेही त्या भाषेत राहून गेली. त्याआधी ११०५ सालापर्यंत इथे तामना नावाचे वेगळे राज्य होते. पुढे १६२९ पासून सुमारे दोनशे वर्षे बेटावरच्या लोकांना बेट सोडून जायलाच मनाई होती. अशा कोंडीत भाषा वेगळी वाढली तर नवल नाही.

ती मोडली मात्र फार लवकर. १९४८ साली बेटावर उठाव झाला आणि तो दडपताना, १९५४ पर्यंत, अंदाजे २५ ते ३० हजार माणसे मारली गेली. अनेकजण जपानात ओसाकाकडे पळाले. त्यानंतर शाळा आली, कचेरी आली, रेडिओ आणि टेलिव्हिजन आले, आणि सगळीकडे सोलची कोरियन. (हे मी रेडिओवरूनच सांगतो आहे, त्याला इलाज नाही.) शिक्षकबंधूंनी इथे जरा कान द्यावा. जी बोली आहे असे ठरले, तिच्यात बोलणाऱ्या मुलाचे बोलणे चुकीचे ठरते, आणि चूक म्हटली की ती सुधारायची. ती परकी भाषा मानली असती, तर निदान शिकवायची की नाही हा प्रश्न तरी निघाला असता. आईबापांनीही मुलांच्या नोकरीकडे पाहून घरात प्रमाण भाषाच धरली.

२०१० साली युनेस्कोने जेजूला अत्यंत संकटग्रस्त भाषांच्या यादीत घातले. ती नीट बोलणारे त्यावेळी पाच ते दहा हजार, आणि तेही बहुतेक सत्तरीपुढचे. बेटाच्या प्रांतिक सरकारने २००७ साली तिच्या जतनासाठी नियम केला होता, २०१४ साली लेखनाचे नियमही ठरवले. त्यात तो जुना ठिपका पुन्हा मानाने बसला. पण नातवंडे आजीला उत्तर देतात ते कोरियनमध्येच.

२०१२ साली तिथल्या ओ म्युल नावाच्या दिग्दर्शकाने एक चित्रपट काढला. १९४८ च्या त्या दिवसांत गुहेत लपलेल्या, बटाटे खाऊन दिवस काढणाऱ्या खेडुतांची ती कथा. नाव 'जिसुल'. पात्रे जेजूतच बोलतात, म्हणून कोरियातल्याच प्रेक्षकांसाठी चित्राखाली कोरियन अक्षरांत त्याचा अर्थ द्यावा लागला.