सर्वांत मोठं छिद्र



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. शोधनिबंधांवर ज्यांची नावं येत नाहीत, अशा भट्टीपाशी जागणाऱ्या सर्वांच्या वतीनं मी हा मान स्वीकारतो.

माती मळताना कुंभार तिच्यात घोड्याची लीद आणि राख मिसळतो. आव्यात लीद जळते, तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात, माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. गिऱ्हाईक मात्र माठ घेताना टिचकी मारून बघतं. त्याला माठ पाझरणाराही हवा आणि खणखणीतही हवा. पाणी गाळणाऱ्या सिरॅमिक मेम्ब्रेनकडून आपली अपेक्षा हीच आहे.

या दोन्ही गोष्टी सहजी एकत्र नांदत नाहीत. रिश्केविच आणि डकवर्थ यांच्या १९५३ मधल्या घातांकी सूत्रात स्थिरांक ४ धरला, तर ४० टक्के सच्छिद्रतेला ताकद पाचव्या हिश्शावर येते. ताकदीसाठी भट्टी जास्त तापवावी, तर कणांमधले सांधे जाड होतात आणि छिद्रंच मिटत जातात. यावर आपण थरांचा तोडगा काढला. भरड कणांच्या जाड भिंतीनं भार घ्यायचा, तिच्यावरच्या बारीक कणांच्या पातळ थरानं गाळायचं. एवढं साधल्यावरही एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ॲल्युमिनाच्या नळ्यांची एक खेप भट्टीतून निघाली. सरासरी छिद्र बरोबर १ मायक्रॉन. एक नळी पाण्यात बुडवून आतून हवेचा दाब वाढवत नेला. १ मायक्रॉनच्या छिद्रातलं पाणी हटवायला सुमारे ३ बार दाब लागतो. इथं काटा ०.३ वर असतानाच एका जागी बुडबुड्यांची माळ सुटली. तिथं पेन्सिलनं खूण केली, नळी वाळवली आणि वाकवून मोडली. ती खुणेवरच मोडली. तुटलेल्या कडेवर भिंगाखाली खळगा दिसला. छिद्रांसाठी मिसळलेल्या स्टार्चची एक गुठळी तशीच राहिली होती आणि भट्टीत जळून गेली होती.

हा योगायोग नव्हता. छिद्र दहापट रुंद झालं की त्यातून दहा हजारपट पाणी जातं, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. असं एक छिद्र दहा हजार छिद्रांइतकं पाणी नीट न गाळताच पुढं सोडतं. ठिसूळ पदार्थ तुटतो तो त्याच्यातल्या सर्वांत वाईट खोटीपासून, हे ग्रिफिथ यांच्या १९२१ च्या निबंधापासून आपण शिकलो. खोट चौपट झाली की ताकद निम्मी होते. गाळण्याचा आणि टिकण्याचा निकाल सरासरी लावत नाही, सर्वांत मोठं छिद्र लावतं.

याचं एक जुनं उदाहरण आहे. १८८४ मध्ये पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत शांबरलां यांनी झिलई न दिलेल्या पोर्सेलीनचा, जिवाणू अडवणारा फिल्टर बनवला. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा फिल्टरमधून गाळला, तरी रसातला संसर्ग गेला नाही. अशा वेळी पहिली शंका फिल्टरवरच येते. कुठं तडा तर नाही ना? ती फिटल्याशिवाय जिवाणूहून बारीक काही आहे, असं ठामपणे म्हणता येत नाही. विषाणूंचा शोध असा एका भाजलेल्या नळीच्या भरवशावर उभा राहिला.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. सरासरी छिद्राशेजारी पहिल्या बुडबुड्याचा दाबही छापा. ताकदीचा एकच आकडा देऊ नका, तीसेक नळ्या मोडा आणि ताकद नळीगणिक किती बदलते हे सांगणारा वायबुल मापांक द्या. आणि भट्टीआधीची कामं हलकी मानू नका. गुठळी चाळणीत अडवता येते, लगद्यातली हवा निर्वातात काढता येते, स्टार्च जळण्याच्या टप्प्यात भट्टी सावकाश चढवता येते. इथं राहिलेली खोट पुढची आच भरून काढत नाही.

भुवनेश्वरच्या एका प्रयोगशाळेनं लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा यांपासून टेराफिल ही गाळणी घडवली. अशा गाळण्या जिथं पोचतात, तिथल्या पुष्कळ घरांत पाणी तपासायची सोय नसते. माठ घेणाऱ्याला टिचकी तरी मारता येते; मेम्ब्रेन घेणाऱ्याला तेवढंही करता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक नळी आपणच वाजवून पाहिली पाहिजे.