‘किड नेशन’ आणि दहा सेंटांची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



‘समाज कसा घडतो?’ हा आजचा विषय. त्यासाठी ग्रंथांचा आधार न घेता मी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाविषयी बोलणार आहे. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने २००७ च्या सप्टेंबरात ‘किड नेशन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि १३ भागांनंतर तो संपला. मी तो अलीकडेच पाहावयास घेतला आहे व पहिलाच भाग पाहून झाला आहे. तेव्हा माझी मते प्रथमदर्शनी आहेत, हे ध्यानात घ्यावे.

८ ते १५ वर्षे वयाची, एकमेकांना सर्वस्वी अपरिचित अशी ४० मुले न्यू मेक्सिको राज्यातील एका ओसाड गावात आणून सोडावयाची आणि ४० दिवसांत त्यांनी तेथे आपला समाज उभा करावयाचा, अशी कल्पना. मोठी माणसे जेथे अपयशी ठरली तेथे मुले यशस्वी होतील काय, असा प्रेक्षकांपुढे प्रश्न. गावाला मी ओसाड म्हटले खरे. वस्तुतः ते चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी राखलेले नेपथ्याचे गाव आहे.

समाजाचेही तसेच आहे. तो मुलांना उभारावा लागतच नाही, तयार हाती मिळतो. चौघांचे कारभारी मंडळ निर्मात्यांनीच नेमलेले. मुलांचे चार गट पाडून त्यांच्यात चढाओढ लावली जाते आणि निकालाप्रमाणे एक गट उच्च वर्ग, दुसरा व्यापारी, तिसरा स्वयंपाकी आणि चौथा मजूर ठरतो. उच्च वर्गास मोबदला एक डॉलर, व्यापाऱ्यास ५० सेंट, स्वयंपाक्यास २५, मजुरास १०. शिवाय उच्च वर्गावर कामाचे बंधन नाही. म्हणजे ज्याने काहीही केले नाही तरी चालते त्याला, गावाची साफसफाई करणाऱ्याच्या दसपट! हे दर निर्मात्यांकडून जाहीर होतात. मुलांपुढे ते मतासाठी ठेवले जात नाहीत.

हा तर खेळ आहे, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. खेळच आहे, परंतु खेळाचे नियम लिहिणाऱ्याला जे स्वाभाविक वाटते तेच तो नियमांत घालतो. समाज म्हटला की वर्ग आलेच, आणि वर्ग म्हणजे चढाओढीचा निकाल, अशी या नियमकर्त्यांची समजूत दिसते. त्यात मेख अशी की पुढल्या चढाओढीत आजचा मजूर उच्च वर्गात जाऊ शकतो. साहजिकच त्याचे लक्ष आपल्या दहा सेंटांवर राहत नाही, पुढल्या डावावर राहते.

या भागातील एक प्रसंग मात्र मला मनापासून आवडला. ४० मुलांमध्ये शौचकूप एकच. चारही गटांनी ठरल्या वेळेत आपले काम पुरे केले तर सबंध गावाला बक्षीस, आणि ते दोहोंतून निवडावयाचे : आणखी सात शौचकूप किंवा एक दूरचित्रवाणी संच. मंडळाने शौचकूप निवडले. मुलांना करमणुकीपलीकडे काही सुचत नाही असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. (नगरपालिकेत बसलेल्या आपल्या मित्रांनीही पाहावयास हरकत नाही.) सामायिक गरजेचा प्रश्न थेट विचारला गेला आणि त्याला शहाणपणाचे उत्तर मिळाले. वेतनाचा प्रश्न असाच विचारला असता तर?

तो न विचारता शेवटी सोन्याचा तारा आणला जातो. किंमत २० हजार डॉलर. मंडळाने तो एकाच मुलाला वा मुलीला द्यावयाचा. पहिला तारा १४ वर्षांच्या एका कष्टाळू मुलीला मिळतो. तिच्या योग्यतेविषयी शंका नाही. पण स्वयंपाक, भांडी, पाणी ही जी सर्वांची, सर्वांसाठी केलेली कामे होती, ती त्या क्षणापासून प्रत्येकाची तारा मिळविण्याची खटपट होऊन बसतात.

आता पडद्यामागचा व्यवहार पाहा. प्रत्येक मुलाचे मानधन पाच हजार डॉलर, म्हणजे ताऱ्याच्या चौथा हिस्सा. पालकांशी केलेला करार २००७ मध्ये उघडकीस आला, त्यात जोखमीचा भार पालकांवर टाकलेला होता. स्वयंपाक करताना गरम तेल उडून एका मुलीचा चेहरा भाजल्याची तक्रार तिच्या आईने केली, आणि बालमजुरीच्या कायद्याचे काय, असा प्रश्न तेथील वृत्तपत्रांत गाजला. वाहिनीच्या बाजूचे उत्तर असे की मुले काम करीत नव्हती, उन्हाळी शिबिरासारख्या उपक्रमात सहभागी झाली होती. पडद्यावर ज्यांना बिनदिक्कत मजूर म्हटले, कायद्याची वेळ येताच ती मजूर राहिली नाहीत!

पुढील भागांत मंडळाची निवडणूक होते. निवडून आलेली मुले दहा सेंटांच्या दराला हात घालतात काय, एवढ्यासाठी मी उरलेले भाग पाहणार आहे.