वाळूचा पैसा आणि घरपट्टीची पावती

 

मध्यंतरी नीरेकाठच्या एका गावात गटाची बैठक होती. विषय होता कर्जफेडीचा, पण एक मावशी मध्येच म्हणाल्या, "नदीतनं एवढी वाळू जाती, तिचा पैसा सरकारला मिळतोय, मग आमच्याकडं घरपट्टी कशाला मागायची?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला, म्हणून आज त्यावरच बोलते.

वाळू, मुरूम, खडी, दगड यांना सरकारी भाषेत गौण खनिज म्हणतात. ते उचलणाऱ्यानं सरकारला ब्रासमागं पैसे भरायचे असतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. या पैशाला स्वामित्वधन म्हणतात, आपण बोलताना रॉयल्टी म्हणतो. 2021 साली आपल्या राज्यात हा दर ब्रासला 400 वरून 600 रुपये झाला. वाळूच्या लिलावातला काही वाटा ग्रामपंचायतीला देण्याची सोयही सरकारच्या वाळू धोरणात होत आली आहे.

आता ही रॉयल्टी म्हणजे कर का? यावर देशात वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी 25 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांनी, आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला, की रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढायचा हक्क दिला, त्याचा तो मोबदला. आपल्या भाषेत सांगायचं तर कर म्हणजे शेळीचं दूध आणि रॉयल्टी म्हणजे शेळी विकून आलेला पैसा. दूध रोज मिळतं. शेळी एकदाच विकता येते. नदीला पूर आला की वाळू परत येते, असं जुनी माणसं सांगतात. पण आता वर भाटघर आहे, वीर आहे, खाली भीमेवर उजनी आहे. धरणाच्या भिंतीपाशी पाण्यातली वाळू खाली बसते, पुढं फारच थोडी येते. उपसा मात्र यंत्रानं होतो.

शेळी विकली तरी पैसा हातात येतोच, मग बिघडलं कुठं? हे कळायला आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. महिन्याला शंभर रुपये भरणारी बाई बैठकीला पासबुक घेऊन येते. माझे किती जमले, व्याज किती, अमकीनं हप्ता का नाही दिला, सगळं विचारते. त्याच गटाला फिरता निधी मिळाला की काही ठिकाणी काय होतं, ते मी पाहिलंय. दोन महिने बचत भरायची राहते. "निधी आहे की," म्हणतात. मग हिशेबाची वही कुणी उघडत नाही, कारण त्यात आपल्या खिशातलं काही नसतं. निधी वाईट नाही हो, गटाला तो लागतोच. पण बचतीची सवय मोडली की विचारायची सवयही मोडते, आणि मोडलेली सवय परत लावणं किती अवघड, ते गटाच्या सचिवालाच विचारा.

देशांचंही असंच होतं. आपल्याकडची कितीतरी मुलं आखातात कामाला जातात. सौदी अरेबियात पगारावर आयकर नाही, कारण सरकारची तिजोरी तेलानं भरायची. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले. मग 2018 साली तिथं वस्तूंवर पाच टक्के कर बसला आणि 2020 च्या जुलैत तो थेट पंधरा टक्के झाला. नॉर्वेलाही तेल सापडलं, पण त्यांनी लोकांकडून कर घेणं थांबवलं नाही. तेलाचा पैसा त्यांनी वेगळ्या निधीत साठवला आणि त्यातला थोडाच दरवर्षी खर्चाला घेतात.

एवढं लांब कशाला, आपला शेजारी गोवा बघा. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिजाच्या खाणी. 2012 साली गैरकारभारामुळं खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. सरकारचं उत्पन्न घटलं, आणि कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचे हप्ते थकले. मधल्या काळात, 2014 मध्ये, न्यायालयानं एक गोष्ट फार चांगली केली. खनिज विक्रीच्या पैशातले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, पुढच्या पिढीसाठी.

महाराष्ट्राचं एकूण बरं आहे. राज्याची तिजोरी मुख्यतः करांवर चालते आणि त्यात आपणही आहोत. साबण, तेलाचा पुडा घेताना आपण जीएसटी भरतोच. तेव्हा "आम्ही कुठं कर भरतो" असं कुणी म्हणू नका.

खरी अडचण गावात आहे. समजा, एका गावात पाचशे घरं आहेत आणि घरपट्टी सरासरी हजार रुपये. म्हणजे पाच लाख. वाळूचा पैसा आला की सरपंचालाही वाटतं, वसुलीला फिरून कशाला वाईट व्हायचं? मतं जातात. लोकही खूश. पण ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पाच लाख घरपट्टी जमली तर तेवढ्याच हिशेबानं पन्नास हजार. एक लाखच जमली तर दहा हजार. चाळीस हजार रुपये आपल्या वाट्यातून गेले, आणि आपण घरपट्टी मागायला कुणी आलं नाही म्हणून आनंदात!

बेकायदा उपशाचं तर विचारूच नका. उजनीचं पाणी ओसरलं की इंदापूरच्या काठाला यांत्रिक बोटी दिसतात. महसूलची पथकं त्या पकडतात, फोडतात, बुडवतात, तरी परत दिसतात. रात्री गेलेल्या डंपरची रॉयल्टी कुठंच जमा होत नाही. कायद्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, पण गाडी सापडली तर. रस्ता खचतो तो आपला, नि दुरुस्ती होते आपण भरलेल्या पैशातून. शिवाय वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही, काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. मग हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते सांगायला नको.

म्हणून त्या मावशींना मी म्हटलं, घरपट्टी भरा आणि पावती जपून ठेवा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. तिथं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना नमुना 9 ची नोंदवही दाखवायला सांगा. त्यात घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, ते असतं. गौण खनिजाचा पैसा या वर्षी किती आला, कशावर गेला, हे वेगळं विचारा. दहा टक्क्यांचा हिशेब लेखी मागा. एकटीला संकोच वाटत असेल तर गटातल्या पाचजणी मिळून जा. त्या गावच्या बायांनी ठरवलंय, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून न्यायचे. तुमच्या गावात काय उत्तर मिळतं, ते रेडिओला जरूर कळवा. नमस्कार.