भिंत गावाची, काडी पोरींच्या हाती

आम्ही डहाणूकडच्या बचत गटातल्या. आमच्या वारली समाजात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. म्हणजे ही कला मुळात बायांची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आमच्याच पोरींच्या हातून काडी सुटत चालली होती. म्हणून दर रविवारी आम्ही पोरापोरींना समाजमंदिराच्या भिंतीपाशी जमवतो. गेरू, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. फारसा खर्च नाही. आधी घरचे म्हणाले, "चित्रानं पोट भरतं का?" आता शाळा सोडलेली एक पोर धाकट्यांना शिकवते आणि पुन्हा शाळेत जायचं म्हणते. तुमच्या गावातही एखादी भिंत रिकामी असेल. ती पोरांना द्या.