वजन लिहिलं, नाव राहिलं

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले. संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आपल्या घरांतल्या जुन्या पितळ-तांब्याच्या वस्तूंबद्दल मी बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी आष्ट्याला घरी आले, तेव्हा आमचं जुनं माळवदाचं घर पाडून आरसीसीचं बांधायचं ठरलं होतं. माळा रिकामा केला. घागरी, हंडे, घंगाळं, बंब, पराती, पानाचे डबे, समया, सगळं सोप्यात येऊन पडलं. आईला स्टीलचे डबे हवे होते. पितळेला राख-चिंच लावून तिचे हात सोलवटले होते, त्यामुळे तिचं काही चुकत नव्हतं. मोडवाला तागडी घेऊन आला. तो वजनात मारेल म्हणून घरातल्या हुशार पोरीला, म्हणजे मला, वही घेऊन बसवलं.

मी रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, धातू, वजन, दर, रक्कम. आजी उंबऱ्यावर बसून बघत होती. मध्येच म्हणाली, “काय काय लिवलंस, वाच बघू.” मी वाचलं, “घागर, पितळ, साडेचार किलो.” ती म्हणाली, “कुणाची घागर, ते लिव की.” मी हसले. म्हटलं, “आजी, नावाचे पैसे मिळत नाहीत, वजनाचे मिळतात.” आजी त्यावर काही बोलली नाही.

सगळ्यात शेवटी लामणदिवा निघाला. देवघराच्या तुळईला टांगलेला असायचा. साखळीसकट तोही तागडीत गेला. स्टीलचे डबे आले, आणि उरलेल्या पैशांची भर माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला झाली. म्हणजे ज्या यंत्रावर माझं आयुष्य उभं राहिलं, त्यात आजीचा दिवाही थोडा आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही.

पुढे कामासाठी दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहिले. एका रविवारी खेड्यातला एका जमीनदाराचा जुना वाडा बघायला गेलो. झोपायच्या खोलीत भिंतीला लांब दांड्याचं, झाकणावर नक्षीची भोकं असलेलं पितळी भांडं टांगलं होतं. त्यात निखारे भरून ते थंडीत अंथरुणावरून फिरवायचे, म्हणजे झोपायच्या आधी अंथरूण गरम व्हायचं. मला आमचा बंब आठवला. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी सहज विचारलं, तुमच्याकडेही असं पितळेचं काम असतं ना? मी मोठ्या उत्साहाने आमच्या लामणदिव्याचं सांगायला लागले. त्यांनी विचारलं, वर कोणता पक्षी होता? साखळीत काय काय होतं? वाती किती?

मला एकही उत्तर आलं नाही. त्या दिव्याबद्दल मला एकच गोष्ट नक्की माहीत होती. तो दोन किलो तीनशे ग्रॅम होता.

इंग्लंडमधले असले वाडे काही सुखाने टिकलेले नाहीत. वारसा कर आणि दुरुस्तीचा खर्च यांपुढे विसाव्या शतकात तिथले शेकडो वाडे पाडले गेले. त्यावर १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने एक मोठं प्रदर्शनच भरवलं होतं. मेंटमोर नावाचा वाडा सामानासकट वीस लाख पौंडांत सरकारला देऊ केला होता. सरकारने तो घेतला नाही, आणि १९७७ साली नुसत्या सामानाच्या लिलावातच साठ लाखांहून जास्त पौंड आले. म्हणजे विकायची वेळ त्यांच्यावरही आली. फरक एवढाच, की विकण्याआधी वस्तूंची वर्णनासह छापील सूची तयार झाली होती. कोणती वस्तू कुठली, हे आजही शोधता येतं.

त्यांच्याकडे यादीची सवय जुनी आहे. डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलच्या मालकिणीने १६०१ साली दालनागणिक घरातल्या सामानाची यादी करून घेतली. ती यादी आजही आहे, आणि तिच्यावरून कोणत्या खोलीत काय होतं ते कळतं. ही यादी मी वाचली तेव्हा मला माझी वही आठवली. यादी मीही केली होती, पण फक्त वजनाची.

आता म्हणाल, ही गोऱ्यांची कौतुकं झाली. म्हणून आपल्याकडचं सांगते. नववीची सहल आठवते का? वाई, पाचगणी, महाबळेश्वर. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून आपण खाली घाटावर उतरलो होतो. आपल्याच कृष्णेचा घाट. तिथे दगडी मंडपीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती वाजवायचा प्रयत्न केला आणि बोलणी खाल्ली. नंतर सरांनी घंटेवरचं चित्र दाखवलं. मेरीमाता आणि कडेवर बाळ येशू. खाली साल, १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांना दिल्या. त्यातली ही एक. ती घंटा कुठली, हे आपल्याला का कळलं? तिच्या अंगावरच चित्र आणि साल ओतलेलं होतं म्हणून. नुसती धातूची घंटा असती, तर सरांनाही सांगता आलं नसतं.

भारतात परत आल्यावर मी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. साधारण १९२० पासून त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव हिंडले, पदरमोड केली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे राजेरजवाड्यांच्या वस्तू आहेत, पण मला खिळवून ठेवलं ते अडकित्त्यांनी आणि दिव्यांनी. आपण ज्याला मोड म्हणालो, ते तिथे काचेमागे आहे.

तिथल्या लामणदिव्यांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. आमचा यातल्या कोणासारखा होता, हे काही केल्या आठवेना. अशा दिव्यांच्या एका जातीत वरच्या पक्ष्याच्या पोटात तेल भरलेलं असतं. पक्ष्याचं तोंड खालच्या तेलात बुडालेलं असेपर्यंत आत हवा शिरत नाही आणि तेल बाहेर येत नाही. दिवा जळून तेलाची पातळी उतरली, की हवा आत जाते आणि तेवढंच तेल खाली उतरतं. रात्रभर कोणी उठून तेल घालायला नको. असं यंत्र आमच्या तुळईला टांगलेलं असेल, तर एका होऊ घातलेल्या इंजिनिअरने ते न बघताच मोडीत घातलं. नसेल, तर तेही मला माहीत नाही. आजी तोपर्यंत गेली होती. विचारणार कोणाला?

त्या दिवशी आमच्या घरातली एकच वस्तू वाचली. आजीचा पितळी अडकित्ता. तो माळ्यावर नव्हता, तिच्या कमरेच्या चंचीत होता. दोन्ही मुठींवर पोपट आहेत, एका पोपटाचा डोळा झिजला आहे. आतल्या बाजूला बारीक ठोक्यांनी आजीच्या सासूबाईंचं नाव घातलं आहे. बाकीच्या भांड्यांवरही अशी नावं होती. लग्नात कोणी दिलं, कोणत्या साली दिलं, सगळं ठोकून लिहिलेलं. आपल्या घरांतल्या ज्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांचं नाव घागरीवर होतं. आजी मला तेच लिहायला सांगत होती.

मी काही ‘जुनं विकू नका’ असं सांगायला आलेले नाही. फ्लॅटमध्ये बंब ठेवायचा कुठे, हा प्रश्न खराच आहे. माझी विनंती लहान आहे. विकायच्या आधी, वाटण्या व्हायच्या आधी, घरातलं मोठं माणूस आहे तोवर, वस्तूची नोंद करा. दोन बाजूंनी आणि तळाचा असे फोटो काढा. घरात तिला काय म्हणतात तो शब्द लिहा, कारण ‘वेळणी’, ‘ओगराळं’, ‘घंगाळ’ हे शब्दही भांड्याबरोबर जातात. उंची, धातू, जोड कुठे आहेत, अक्षरं कोणती आहेत, कोणी आणली, कोणत्या सणाला बाहेर निघायची, हे लिहा. वजनही लिहा, पण शेवटी.

दोन सूचना आणखी. जुनी वस्तू सापडली की लगेच आम्ल नाहीतर पावडर लावून चकचकीत करू नका. दर घासण्यात धातूचा थोडा थर जातो आणि पहिल्यांदा बारीक अक्षरं पुसतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, फोटो काढा, मग काय ते ठरवा. आणि आपल्यातले जे परदेशी आहेत त्यांच्यासाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू आपल्याला स्वतः देशाबाहेर नेता येत नाही. आजीची समई सामानात घालण्याआधी तिचं वय विचारा.

शेवटचं, आपल्या शाळेचं. आपल्या वेळची पितळी घंटा आठवते? मधल्या सुट्टीचे टोल पडायच्या आधीच आपले डबे उघडलेले असायचे. आता विजेची बेल आहे. मी काल कार्यालयात चौकशी केली. घंटा कपाटामागे सुखरूप आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद एका ओळीची आहे, ‘पितळी घंटा, १ नग’. ती कोणी दिली, कधी आली, कोणी कोणी वाजवली, हे सांगू शकणारी माणसं आज या मंडपात बसली आहेत. शिपाईमामा, तुम्हीही आहात. जेवणानंतर मी वही घेऊन तुमच्याकडे येणार आहे. या वेळी रकाने वेगळे आखले आहेत.

बाहेर चहाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर मी आमच्या अडकित्त्याची नोंद केली आहे, नावासकट. पुढची पानं तुमची. ज्यांना आज आठवणार नाही त्यांनी घरी फोन लावून विचारा. आई-वडील, काकू, आत्या, जे कोणी असतील त्यांना. तेवढ्या निमित्ताने फोन तरी होईल.

गुरुजनहो, तुम्ही आम्हाला लिहायला शिकवलं. काय लिहायचं ते मला आजीने सांगितलं होतं, समजायला मात्र वीस वर्षं लागली. उशिरा वही तपासायला आणल्याबद्दल क्षमा असावी.